फोटोतले बूट

प्रिय भार्गवी,

मी कॉलेज सोडल्यापासून तुझा एकही मेसेज नव्हता आणि आला तो बुटांबद्दल. "बूट मस्त दिसतात, कुठून घेतले?" एवढंच. मी तो इतक्यांदा वाचला की माझ्यासोबत काम करणारा आसिम म्हणाला, "अबे, तिनं बूट इचारले, तुले नाही." तरी दिवसभर मी हवेतच होतो. उत्तर मात्र दिलं नाही. फोनवर लिहायला घेतलं की कुठून तरी फुशारकी शिरते, म्हणून कागद घेतला. कागदावर खोटं लिहिणं मला परीक्षेतही जमलं नाही.

तर आधी हे. बुटांच्या त्या फोटोखाली मी 'साईट सुपरवायझर' लिहिलं होतं, तो मी नाही. वडनेर भोलजीला गोदामाचं बांधकाम चाललंय, तिथे मी गडी आहे. सळ्या वाहतो, मिक्सरवर उभा राहतो, ठेकेदार गुलाबराव म्हणतील तिथे जातो. रस्त्यावरून खामगावची बस गेली की मी पाठ फिरवायचो. न जाणो, तू खिडकीत असलीस तर.

मागे एका गड्याच्या पायात खिळा घुसला, तेव्हा गुलाबरावांनी सगळ्या गड्यांना बूट घ्यायचं ठरवलं आणि खामगावला मलाच पाठवलं. "तू कॉलेजात जायेल हायेस, तूच पाह्य. सळईवाल्याइले पुढून लोखंड असलेले बूट, अन् स्लॅबवाल्याइले गमबूट." दुकानदारानं काळे रबरी गमबूट पुढे टाकले आणि सहज विचारलं, "गड्याइसाठी पाह्यजेत का?" माझं डोकं सटकलं. ते कसं सटकतं हे तुला सांगायला नको, त्यापायीच कॉलेज सुटलं. आम्ही काय गोठे साफ करतो का, असं म्हणून मी सरसकट सगळ्यांसाठी घोट्याएवढे चामड्याचे बूट उचलले, पिवळ्या टाक्यांचे. राग हे तोंडदेखलं कारण. ते बूट पँटखाली ऑफिसातल्या माणसाचे वाटत होते आणि मला फोटो टाकायचा होता, तू पाहशील म्हणून. "गमबूट कुठी हायेत?" गुलाबरावांनी विचारलं. दुकानात संपले, मी म्हणालो.

स्लॅबचा दिवस तू पाहिला नसशील. नारळ फुटला की काँक्रीटचा माल ओतायला सुरुवात होते आणि शेवटचं घमेलं पडेपर्यंत कोणी थांबत नाही. मध्ये थांबलं तर तिथे सांधा राहतो आणि पुढे तिथूनच पाणी गळतं. आसिम वर घोटाभर ओल्या मालात व्हायब्रेटर धरून होता. मी खाली मिक्सरजवळ. ती जागा मी मागून घेतली होती, बूट खराब होऊ नयेत म्हणून. दुपारी त्यानं वरून आवाज दिला, "पाय चुरचुरून राह्यले बे." मी म्हणालो, "नवे बूट चावतातच, नखरे नको करू." सगळे हसले, तोही हसला. बायांसाठी बूट घेतलेच नव्हते, सिंधूताई साध्या चपलेवर घमेली देत होत्या. पायाला माल लागला की त्या टाकीवर जाऊन धुऊन यायच्या. आसिमच्या बुटात वरून शिरलेलं सिमेंटचं पाणी मोज्यात मुरत राहिलं. आपण बूट घातलेत, म्हणजे पाय सुरक्षित, असंच आम्हाला वाटत होतं.

संध्याकाळी स्लॅबचं जेवण होतं, वरण-बट्टीचं. हातपाय धुवायला आसिमनं बूट काढले, तर मोज्याबरोबर कातडीही निघाली. पंगतीत दुसरी बट्टी कोणी मागितली नाही.

तो आता खामगावला दवाखान्यात आहे. डॉक्टर म्हणतात, ओलं सिमेंट चुन्यासारखं जाळत जातं, आणि आत जाईस्तोवर माणसाला कळत नाही. मांडीची कातडी काढून घोट्याला लावावी लागेल. त्याची बहीण महेजबीन आली, तेव्हा मी सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. पण माझ्याआधी आसिमच बोलला, "आपा, मीच मोठ्या मापाचे बूट मागतले होते, म्हणून पाणी शिरलं." माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. मग डबा माझ्यापुढे सरकवला. "खाय बे, सुपरवायझर." त्याला सगळं माहीत होतं, भार्गवी. दुकानाचं, गमबुटांचं, फोटोचं.

आणि काल तुझा दुसरा मेसेज आला. "सांग ना. आल्हादला तसेच घ्यायचेत. तो चिखलीला साईटवर लागला, सोमवारी त्याचा पहिला स्लॅब आहे." तुझा भाऊ माझा फोटो पाहून बूट निवडतोय. 'ते नको घेऊ' एवढं टाकलं. तू लगेच विचारलंस, "काऊन? तू तर तेच घालतोस." त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हे पत्र. महेजबीनचं सासर तुमच्या अमडापूरलाच आहे, ती आज परत जातेय, तुझ्या हातात देईल. मला काय समजायचं ते सवडीनं समज. आधी आल्हादला गुडघ्यापर्यंतचे गमबूट घे. जाड मोजा घालून माप बघ आणि पँट बुटाच्या बाहेरून सोडायला सांग, म्हणजे माल आत पडत नाही. आणि एवढं त्याला बजावून ठेव. पाय चुरचुरले की स्लॅब अर्धा राहिला तरी खाली उतर, बूट काढ, पाय नळाखाली धर. वरून कोणी हसलं तर हसू दे. आसिमला हसणारा मीच होतो.

तुझाच,
गुलाबरावांच्या साईटवरचा गडी,
प्रसेनजित