तिसरा मजला आपलं आपण बघेल

१ जून, सोमवार. सकाळी ९.१०
आजपासून ऑफिसचा तिसरा मजला स्वतः विचार करणार. प्रत्येक खोलीच्या छताला सेन्सर बसवला आहे. हालचाल दिसली की दिवा, एसी चालू. सात मिनिटं हालचाल नाही, की सगळं बंद. भिंतीवरची बटणं वायरमनकडून काढून घेतली. माणसाच्या हाती काही ठेवलं की तो विसरतो.

साहेबांचा शब्द आहे: महिनाअखेर मजल्याची वीज तीस टक्के कमी झाली, तर मी नोकरीत कायम. आईला ‘कायम झाले’ असं सांगूनही टाकलं. तीस दिवसांचाच तर प्रश्न. घरातली पहिली पदवी माझी, तेव्हा शब्द खरा करणं आलंच.

त्याच दिवशी, दुपारी
एक तक्रार. ३०२ मध्ये तिघं मुद्रितशोधक शब्दकोशाची प्रूफं तपासतात. खोलीला खिडकी नाही. तपासताना तिघांचे फक्त डोळे हलतात आणि सेन्सरला डोळे दिसत नाहीत. दर सात मिनिटांनी अंधार. त्यांच्यातले सर्वांत जुने आबा छताकडे बघून म्हणाले की तीस वर्षं इथे बसतोय, आता मी आहे की नाही हे त्या बुचाला विचारायचं का?
सेन्सर दिसतो मात्र बुचासारखाच.

३ जून, बुधवार
परिपत्रक काढलं: अधूनमधून हालचाल करावी. मानेलाही बरं. ३०२ मधल्या काकूंनी लगेच पाळ्या लावल्या. दर सहा मिनिटांनी एकाने हात हलवायचा. साहेब दारात आले तेव्हा आबांची पाळी होती. साहेबांनीही हात हलवला. एकूण वातावरण खेळीमेळीचं.

४ जून, गुरुवार
आबा म्हणतात, शब्दकोश ‘ह’वर येईपर्यंत हात खांद्यातून गळून पडेल. सध्या ते ‘क’वर आहेत. अहवालात लिहिलं: वापरणाऱ्यांचा सक्रिय सहभाग.

९ जून, मंगळवार
सगळ्या खोल्या चोवीस अंशांवर. काकू शाल पांघरून बसतात, आबा वहीने वारा घेतात. एकाला जास्त, एकाला कमी, म्हणजे आकडा बरोबर. आबांनी घरून टेबलफॅन आणायची परवानगी मागितली. दिली. आपण मोठ्या मनाने वागावं.

११ जून, गुरुवार
३०२ च्या तक्रारी एकदम थांबल्या. पाळ्याही बंद. दिवा काल दिवसभरात एकदाही गेला नाही म्हणे. सेन्सर माणसं ओळखायला शिकला असावा. मी त्यात तसं काही घातलं नव्हतं.

१५ जून, सोमवार
नोंदी उघडल्या आणि डोळे भरून आले. ३०२ मध्ये शनिवार-रविवार, दोन्ही दिवस सतत माणूस! खोली इतकी सुखाची झाली की सुट्टीतही घरी जाववेना. आबांना हळूच म्हटलं की किती कराल हो शब्दकोशासाठी. चष्मा पुसत म्हणाले, पोरी, कामच तसं आहे. काकूंना तेवढ्यात जोराचा ठसका लागला.
वीज जरा वाढली आहे. निष्ठेलाही वीज लागते.

२२ जून, सोमवार
पुन्हा शनिवार-रविवार भरलेला. साहेबांना अहवाल दिला, मथळा: ‘खोली सोडवेना’. साहेब भारावले. येत्या रविवारी स्वतः येऊन त्या माणसाची पाठ थोपटणार आहेत. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणे, रविवारीसुद्धा? त्या बिचाऱ्याला बायकापोरं नाहीत का गं? आईला तंत्रज्ञान कळत नाही.

२८ जून, रविवार. सकाळी ११.००
साहेब, मी आणि फुलांचा गुच्छ. ३०२ चं दार उघडलं. दिवे चालू, एसी चालू. माणूस नाही. आबांचा टेबलफॅन इकडून तिकडे मान हलवत होता आणि त्याच्यासमोर दोरीला टांगलेलं एक प्रूफ फडफडत होतं.
साहेबांनी विचारलं, गुच्छ कुणाला द्यायचा. मी पंख्याकडे बोट दाखवलं. काय सुचलं कोण जाणे.

२९ जून, सोमवार
आबा आपणहून साहेबांकडे गेले. म्हणाले की शिक्षा मला करा, पोरीला बोलू नका. ती जीव ओतून करते, फक्त तिच्या यंत्राला आम्ही दिसत नाही.
मला राग यायला हवा होता. ३०२ मध्ये जाऊन बसले, महिन्यात पहिल्यांदाच. पंखा आता बंद होता. आबा बोट ठेवून एकेक ओळ वाचत होते. मीही त्यांच्या मागून वाचू लागले. आम्ही चौघं खोलीत असताना दिवा गेला.

३० जून, मंगळवार
महिन्याची वीज नऊ टक्के जास्त. कायम नाही. आणखी तीन महिने बघू, असं साहेब म्हणाले. बटणं परत बसली. वायरमनने ती फेकली नव्हती. म्हणाला की अशी कामं झाली की महिनाभर ठेवतोच, ताई.
माझं पद तेच राहिलं: कक्ष स्वयंचलन अभियंता. काम: साडेसहाला सगळे गेले की सतरा खोल्या फिरून दिवे आणि एसी बंद करणे.

८ जुलै, बुधवार
पहिल्या आठवड्यात वीज एकतीस टक्के कमी.
आईचा फोन आला. अजून कायम नाही, हे एकदाचं सांगितलं.  ती म्हणाली, मग तिथे तू नक्की करतेस तरी काय?
म्हटलं, आई, सगळी यंत्रणा आता माझ्याच हातात आहे.