एक्केचाळीस रकाने

३ जानेवारी, सकाळी ७
गावाच्या इतिहासाच्या वेबसाइटचं काम अखेर योग्य माणसाकडे आलं. म्हणजे माझ्याकडे. बंद पडलेल्या स्टुडिओचे आठशे साठ फोटो, सगळे स्कॅन झालेले, एकाखालीही अक्षर नाही. हेडक्लार्क म्हणून एकतीस वर्षं फायली लावल्या. हे तर डाव्या हातचा मळ. महिनाअखेर संपवणार.

५ जानेवारी
स्टुडिओवाल्या आजींचा फोन. फोटोग्राफरच्या पत्नी, वय अठ्ठ्याऐंशी. म्हणाल्या, फोटोतला एकूण एक माणूस मी ओळखते, येऊन बसा, भराभर सांगते. म्हटलं, आजी, आधी फॉर्मॅट ठरू द्या. नावं काय, कधीही भरता येतात.

१९ जानेवारी
प्रत्येक फोटोच्या माहितीचे रकाने सव्वीस झाले. 'छत्री' आणि 'छत्री, मिटलेली' वेगळे केले. ही म्हणाली, नावाचा रकाना कुठाय? आहे की, सव्विसावा. हिला पद्धत कळत नाही.

८ फेब्रुवारी
आजींचा पुन्हा फोन. दुपारी मोकळ्या असतात म्हणे. मी नसतो. शिवाय आधी वहीत लिहून घ्या, मग टाइप करा, असली दुहेरी हमाली मला मान्य नाही.

२ मार्च
वेबसाइट समितीची मीटिंग. अध्यक्षांनी विचारलं, किती झालं? एक्केचाळीस रकाने दाखवले. म्हणाले, फोटो किती झाले ते विचारतोय. जन्मभर हार्डवेअरचं दुकान चालवलं, स्क्रू मोजायची सवय जाते कुठे. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, मी जाऊन बसते आजींकडे. ठणकावून सांगितलं, हे एकाच हाताने व्हायचं काम आहे. नाहीतर चुका होतात.

३ मार्च
'दिनांक' रकाना कॉम्प्युटरने आपोआप भरला. आठशे साठ फोटो एकाच मंगळवारी काढलेले दिसतात. तो स्कॅनिंगचा मंगळवार. बघू नंतर.

२१ एप्रिल
फॉर्मॅट फायनल. आजींना फोन केला, मुलीने उचलला. आई हल्ली झोपूनच असते, म्हणाली, पण रोज विचारते, ते गृहस्थ आले का. सोमवारी येतो म्हटलं.

२५ एप्रिल, सोमवार
प्रिंटर बिघडला. छापील फॉर्मशिवाय जाणं बरं दिसत नाही. पुढचा सोमवार नक्की.

२९ एप्रिल
आजी गेल्या. सकाळीच. सगळं नियोजन कोलमडलं.

३० एप्रिल
नावाच्या रकान्यात 'अज्ञात' भरलं. आठशे साठ वेळा, चार मिनिटांत. अध्यक्षांना कळवलं, काम पूर्ण.

३ मे
आजींची मुलगी आली. आईचा लग्नाआधीचा एक तरी फोटो हवा होता, घरी एकही नाही. आई सांगायची, शाळेच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये मी आहे, ते गृहस्थ आले की दाखवीन. ग्रुप लगेच सापडला. चौदा मुली, नखाएवढे चेहरे, सगळ्यांना रंग फासलेला. बराच वेळ बघून तिने विचारलं, यातली कुठली? तुम्ही तर सगळं नीट नोंदवलंय. मला लाज वाटली, आणि लाजेपायी 'माहीत नाही' म्हणवेना. दुसऱ्या रांगेतल्या एकीवर बोट ठेवलं. नक्की ना, तिने विचारलं. नक्की, म्हटलं. त्या मुलीच्या चेहऱ्यावरून हात फिरवत ती रडली, आणि जाताना माझे आभार मानून गेली.