'सामाजिक-राजकीय' या शब्दाची नोंद

सोमवार, ३
शब्दकोशाच्या ऑफिसात आज साहेबांनी मला एकच शब्द दिला: सामाजिक-राजकीय. अर्थ आणि वापराचं एक वाक्य. शुक्रवारपर्यंत. मी म्हटलं, बुधवारीच घ्या. आम्हा नऊ जणांचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपतंय. अशी नोंद लिहितो की साहेब मला सोडणारच नाहीत. बायकोला तसं सांगूनही टाकलं.

मंगळवार, ४
'समाज आणि राजकारण या दोन्हींशी संबंधित.' हे कुणीही सांगेल. खोडलं. खोलात शिरायला हवं.

बुधवार, ५. सकाळी ११
टायपिस्टबाई अर्ज घेऊन आल्या. सगळ्यांना परमनंट करा, असा. सही मागत होत्या. मी राजकारणात पडत नाही, असं नम्रपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, अहो, नोकरी तुमचीही जातेय ना? बाईंना कामाचं गांभीर्य नाही.

शुक्रवार, ७
नोंद झाली नाही. मुदत वाढवून घेतली. समाज कुठे संपतो आणि राजकारण कुठे सुरू होतं, तेच सापडेना. मेहुण्याला फोन करून विचारलं, हा शब्द तू कधी वापरतोस? त्याने माझ्या तब्येतीची चौकशी केली.

सोमवार, १०. दुपारी
सगळे जिन्यात ठाण मांडून बसलेत. कधी तोंड न उघडणारा बाइंडरसुद्धा घोषणा देतोय! दार लावून घेतलं. कानात कापूस. प्रूफवाले काका दार बडवत होते: साहेब बोलायला तयार झालेत, नुसते येऊन उभे राहा. मी आतून ओरडलो, थांबा, वाक्य सुचतंय!
सुचलं नाही. रडू आलं.

बुधवार, १२
दिली! अडीच पानं. साहेबांनी सगळ्यावर काट मारून वर एक ओळ लिहिली. मी ४ तारखेला खोडलेली. म्हणजे आमचे विचार जुळतात. आता चिंता नाही.

शुक्रवार, १४
यादी लागली. आठ जण परमनंट. मी नाही.
तावातावाने साहेबांकडे गेलो. म्हटलं, सगळ्यांत जास्त राबलो मी. साहेब म्हणाले, त्यांनी मागितलं, मला द्यावं लागलं. तुम्ही मागितलंत कुठे?
घरी बायकोने एवढंच विचारलं, तुमच्यासाठी कुणीच कसं भांडलं नाही हो?
भांडले. काकांनी निघताना सांगितलं. सोमवारी त्यांनी नऊ जागा मागितल्या होत्या. साहेबांनी माणसं मोजली आणि विचारलं, नववा कुठाय?
हे तिला अजून सांगितलेलं नाही.