तुतीच्या झाडावरचा फोटो

प्रिय बोगदेबाई,

फोन सोडून आईने पत्र का लिहिलं, म्हणून तू आधी पाकीट उलटंसुलटं करून बघशील आणि मग घाबरशील. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहोत. तुझ्या गोगल्याची सर्दी गेली. माझा गुडघा आहे तसाच कुरकुरतो आहे. तुमच्या साइटवर सामान घेऊन येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात मी हे पत्र देणार आहे. तो म्हणाला, “मावशी, मॅडमच्या हातातच देतो, काळजी सोडा.” फोन वाजला की तुझा मुलगा धावत येऊन माझ्या मांडीवर बसतो, आणि जे सांगायचं आहे ते त्याच्यासमोर सांगता येणार नाही. खरं विचारशील तर तो नसता तरी मला ते बोलता आलं नसतं. दुसऱ्याला चार शब्द सुनवायचे असले की माझं तोंड कसं चालतं ते तुला माहीत आहेच. स्वतःबद्दल काही कबूल करायचं म्हटलं की मात्र आवाजच फुटत नाही.

आधी बरं बरं सांगते. बालघरात सध्या चिखलाचं राज्य आहे. मुलांनी नळापासून भाजीच्या वाफ्यापर्यंत एक चर खणला आहे आणि त्यातला एक तुकडा जमिनीखालून न्यायचा असं त्यांचं ठरलंय. आपली आई डोंगराच्या पोटातून रस्ता काढते, हे तुझ्या चिरंजीवांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय ना! त्यामुळे बोगदा हवाच. तो रोज कोसळतो. रोज सकाळी मुलं येतात, कमरेवर हात ठेवून पडझड बघतात आणि पुन्हा खणायला लागतात. आमची बारकी ताई नवीन आहे, तिला बघवेना. मागच्या खोलीत प्लॅस्टिकचा पाइप पडलाय, तो हळूच त्यांच्या वाटेत ठेवू का, म्हणून ती मला विचारायला आली. मी तिला तिथल्या तिथे झापलं. म्हटलं, पाइप त्यांना पाहिजे आहे की तुला? बिचारी कानकोंडी होऊन परत गेली. नंतर मुलांनी कुठून तरी फुटकी कौलं ओढून आणली, पालथी घातली, आणि एका दुपारी पाणी खरोखर पलीकडून बाहेर आलं. तो आरडाओरडा तू ऐकायला हवा होतास. मी बारकीकडे असं काही बघितलं, की जणू कौलं मीच भाजली होती.

तू आमची नेहमी थट्टा करतेस, की तुम्ही लोक पगार घेऊन नुसते हात मागे बांधून उभे राहता. थट्टा खरी आहे. आमचं अर्धं काम तेवढंच आहे आणि ते भलतं अवघड आहे. मूल काय करतंय ते बघायचं, आपल्याला काय हवंय ते गिळायचं. ‘शाब्बास’ म्हणायचं नाही, जे दिसलं ते सांगायचं. तू डावा पाय खोडाच्या गाठीवर ठेवलास, मग हात बदललास. एवढंच. आणि सगळ्यात कडक नियम अंगणातल्या त्या वाकड्या तुतीचा. मुलाला उचलून झाडावर ठेवायचं नाही. जे मूल स्वतः चढतं त्याच्या पायांना वाट ठाऊक होते, मग उतरताही येतं. जे चढू शकत नाही ते अजून तयार नाही, आणि तयार नसणं हा काही गुन्हा नव्हे. हे भाषण मी नव्या पालकांना इतक्या वेळा दिलंय की झोपेतून कोणी उठवलं तरी मधूनच पुढे चालू करीन. मागे एका आजोबांनी नातीला बखोटीला धरून पहिल्या फांदीवर बसवलं होतं, तर मी सगळ्या पालकांसमोर त्यांची खरडपट्टी काढली होती. तुम्हाला नातीचा आनंद हवाय की तुमचा, असं विचारलं होतं मी. चांगले पिकल्या केसांचे गृहस्थ, मान खाली घालून उभे राहिले. त्या दिवशी घरी येऊन मी तुला हे रंगवून सांगितलं होतं आणि आपण दोघी हसलो होतो.

आता गोगल्या. आपण त्याला गोगलगाय म्हणतो ते त्याच्या चालीवरून, पण मी त्याला इतकी वर्षं सांभाळलेल्या इतर मुलांसारखं बघितलं असतं तर म्हटलं असतं की हा मुलगा मंद नाही, हा नीट बघून घेणारा आहे. तुतीपाशी तो रोज जातो. जात होता. खोडावरच्या मुंग्यांची रांग कुठे वळते ते बोटाने दाखवायचा, सालीला कान लावायचा, खालच्या गाठीवर एक पाऊल ठेवायचा आणि काढून घ्यायचा. पुन्हा ठेवायचा. दुसऱ्या कुणाचं मूल असतं तर मी बारकीला हाताला धरून दाखवलं असतं, की बघ, हा चढतोच आहे, फक्त अजून जमिनीवरून. पण हा माझा नातू. त्याच्या बरोबरीची सगळी वरच्या फांदीवर माकडांसारखी लोंबकळताहेत आणि मोठ्या ताईचा नातू खाली मुंग्या मोजतोय. प्रशिक्षणाला आलेल्या दोन बायका एकदा कौतुकाने विचारून गेल्या, तुमचा नातू कोणता? मी बोट दाखवलं, आणि ऐकतेस ना, मला कसंसंच झालं. तुला हे वाचून राग येईल. येऊ दे. तूही फोनवर दर वेळी विचारायचीस, “चढला का गं?” तुझं विचारणं साधं होतं. दूर असलेली आई आणखी काय विचारणार? पण मी ‘अजून नाही’ म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर ते ‘नाही’ मला टोचत राहायचं.

तुला मी तो फोटो पाठवला त्या दिवशीची सकाळ अशी होती. मुलं चराकडे होती. बारकी एका भिजलेल्या पोराचे कपडे बदलायला आत गेली होती. गोगल्या तुतीखाली एकटा उभा होता, आणि मी आजूबाजूला बघितलं. यातच सगळं आलं. चांगलं काम करताना माणूस आजूबाजूला बघत नाही. मी त्याच्या काखेत हात घातले, उचललं आणि दोन फांद्यांच्या बेचक्यात बसवलं. गुडघा ठणकला, पण मी दाद दिली नाही. मागे सरकले, म्हटलं, हस बघू आईसाठी, आणि फोटो काढला. वर ‘शाब्बास’ही म्हटलं. तू उलट लिहिलंस, किती गंभीर दिसतोय, अगदी शूर! तो शूर नव्हता गं. घाबरून त्याचा आवाज गेला होता. फोटो कमरेच्या वरचा आहे, कारण खाली त्याची चड्डी ओली झाली होती. मी त्याला खाली घ्यायला गेले तर तो हात सोडेना, फांदीला चिकटून बसला. मी ओढतेय, तो किंचाळतोय, आणि सगळी मुलं चिखलाच्या हातांनी भोवती गोळा झाली. त्यांच्यातली एक दात पडलेली मुलगी, झाडावर सगळ्यात वर जाणारी, माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, हा चढलाच नाही ना? मग उतरणार कसा?” तिला मला टोचायचं नव्हतं. ती फक्त विचारत होती. तोवर बारकी बाहेर आली. तिने शिडी आणली, त्याच्याशी हळू आवाजात बोलत त्याला उतरवलं आणि मला एका शब्दानेही काही म्हणाली नाही. त्या पाइपवरून मी तिला किती बोलले होते! तिने तोंडावर सुनवलं असतं तर बरं वाटलं असतं. ती अजूनही माझ्याशी पूर्वीसारखीच आदराने वागते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तुला वाटेल, म्हातारीचा पाय घसरला एकदा, त्यात काय एवढं. इथवर असतं तर मीही गिळून टाकलं असतं. पण त्या संध्याकाळी तुझा फोन आला. तू किती खूश होतीस! मोठ्या आवाजात लावला होता फोन, तो माझ्या मांडीवर. तू विचारलंस, “खरंच तू चढलास? एकटा?” त्याने वळून माझ्याकडे बघितलं. अजून खोटं बोलला नव्हता तो. काय बोलायचं ते मला विचारत होता. आणि मी मान हलवली. होकारार्थी. मग तो म्हणाला, “हो, मी चढलो.” खोटं कसं बोलायचं ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं, ते त्याच्या आजीने शिकवलं, शिक्षणाच्या धंद्यात जन्म काढलेल्या बाईने. तू आनंदाने ओरडलीस, “मग आता मला यायलाच पाहिजे बघायला!”

तेव्हापासून तो तुतीकडे फिरकत नाही. फाटकातून आला की भिंतीकडेने आत जातो, म्हणजे झाड लागायला नको. मुंग्यांचं नावही काढत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे तो विचारायला लागलाय. पाणी ओतण्याआधी माझ्याकडे बघतो, बरोबर आहे ना आजी? चित्रात रंग भरण्याआधी विचारतो. कौल उचलण्याआधी विचारतो. आधी हा पोरगा तासन्‌तास आपल्याच नादात असायचा, कोणी बघतंय का याचा त्याला पत्ता नसायचा. पालक मला विचारतात, तुमच्या बालघरात मुलं नेमकं काय शिकतात? मी मोठ्या ऐटीत सांगत आले, की स्वतःवर भरवसा ठेवायला. तोच त्याच्यापाशी होता आणि तो मी एका फोटोपायी घालवला. मी बारकीला सगळं सांगितलं. तुला हिय्या करून सांगायचं मात्र पुढे ढकलत राहिले. म्हटलं, ती येईल तेव्हा बोलू, चहा पिता पिता. असं सोयीचं ठरवून मी गप्प बसले होते.

पण काल सुट्टी होती. त्याने माझा हात धरला आणि मला ओढत बालघराकडे नेलं, फाटक उघडायला लावलं. मला वाटलं, चला, झाडाशी गट्टी झाली वाटतं, आणि मी मूर्खासारखी हरखले. तो तुतीखाली उभा राहिला, हात वर केले आणि म्हणाला, “मला वर ठेव.” मी म्हटलं, नको रे राजा, तुला भीती वाटते ना. तो म्हणाला, “तू मला रोज ठेव. मग मी रडणार नाही. आई झाड बघायला येणार आहे. मला नाही आलं तर ती परत जाईल. बाबासारखी.” आणि मग अगदी हळूच, “आईला सांगू नको.” त्याचा बाबा वेगळ्या घरी राहायला गेला तेव्हा हा एवढासा होता, याला काय कळतंय, असं आपण धरून चाललो होतो. मी खाली बसून त्याला जवळ घेतलं, सांगितलं, अरे, आईची सुट्टी कधीपासून ठरली होती, झाडाचा काही संबंध नाही, तू चढ नाहीतर नको चढू, ती येणारच. त्याने शहाण्यासारखी मान हलवली, आणि पुन्हा हात वर केले. माझ्या शब्दाला त्याच्याकडे आता काही किंमत उरली नाही गं, आणि ती का उरावी? म्हणून हे पत्र. त्याने सांगू नको म्हटलेलं मी सांगते आहे, तेवढा विश्वासघात आणखी एक. तू इथे पोचेपर्यंत थांबू नकोस, हे वाचून झालं की लगेच फोन कर. तो मांडीवर असेल, आवाज मोठा असेल. आधी त्याला सांग, आजीने तुला उचलून वर ठेवलं होतं, मला आजीनेच कळवलं. माझं नाव स्पष्ट घे, गुळमुळीत बोलू नकोस, मला वाचवू नकोस. आणि मग सांग की तुला झाडावर चढता येत नाही हे आईला माहीत आहे, आणि ती येते आहे.

तुझीच, पण या पत्रापुरती त्याच्या बाजूची,
आई