तिसऱ्या ओळीची खूण

३ मार्च, सोमवार

चाळीस मुलं एकदम पान उलटतात, त्याचा एक आवाज असतो. कबुतरांचा थवा उठावा तसा. मी ‘पुढचा धडा’ म्हणायचा अवकाश, वर्गभर तो फडफडाट व्हायचा आणि मग चिडीचूप. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. पण आज या नव्या गावात, नव्या खोलीत जाग आली ती त्याच आवाजाने. खिडकीच्या फुटक्या काचेवर चिकटवलेला कागद वाऱ्याने हलत होता, एवढंच. तरी शकुन चांगला म्हणायचा.

कारण नोकरीच तशी मिळाली आहे. खाली दुकान, वर माझी खोली. लोक घरातल्या जुन्या व्हिडिओ टेपा आणून देतात आणि दुकानात त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतात. एकेक फाईल तीन-तीन तासांची. त्यात आजोबांचं भाषण कुठे आणि बाळाचं पहिलं पाऊल कुठे, हे कोण शोधत बसणार? म्हणून मी ते सगळं बघायचं, जिथे नवं काही सुरू होतं तिथे कळ दाबून खूण करायची आणि खुणेला नाव द्यायचं. मग घरबसल्या त्या नावावर बोट ठेवलं की माणूस थेट तिथे. म्हणजे धडेच पाडायचे! मूळ चित्राला धक्का लागत नाही, वर नुसती अनुक्रमणिका बसते.

लेक फोनवर रागावली. बाबा, या वयात कसली नोकरी, गपचूप माझ्याकडे या, म्हणाली. तिला म्हटलं, तुझ्या घरी पलंगाखालच्या सुटकेससारखा पडून राहण्यापेक्षा हे बरं. खरं कारण तिला सांगितलं नाही. माझ्याकडेही एक टेप आहे. तिच्यात ही आहे, माझी बायको. ही जाऊन चार वर्षं झाली. हिचा आवाज जगात फक्त त्या टेपेत उरला आहे. मालकांनी कबूल केलंय, की आठवडाभर काम नीट केलं तर ती टेप ते फुकट उतरवून देतील.

५ मार्च, बुधवार

मालक मला मास्तर म्हणतात. टेपा उतरवायच्या यंत्रावर एक पस्तिशीची बाई बसते, तिला सगळे टेपताई म्हणतात. जीभ तिखट, मन साफ. तिने मला तीन नियम घोकायला लावले. पहिली खूण नेहमी शून्यावर, नाहीतर पुढच्या खुणा धरतच नाहीत. दुसरा, उघड्या तोंडावर खूण करायची नाही. जिथे खूण, तिथलं चित्र अनुक्रमणिकेत छापलं जातं. मागे कुणाची तरी मावशी जांभई देताना छापली गेली, तर ती मावशी जातीने दुकानात आली होती म्हणे, आणि तेव्हाही तिचं तोंड उघडंच होतं. तिसरा नियम नकलेचा. वेळ वाचावा म्हणून आदल्या फाईलची यादी नव्या फाईलवर उतरवून घ्यायची आणि नावं बदलायची, ही इथली रीत. पण आधी जुनी नावं पुसायची. मास्तर, एकाच्या लग्नात दुसऱ्याचा वाढदिवस घुसला तर निस्तरायला मी येणार नाही, असं तिने बजावलं.

मी नावं मात्र माझ्या पद्धतीने देतो. ‘भाग ४’ काय लिहायचं? बाळ चालायला लागलं तिथे मी लिहिलं, ‘पहिलेच पाऊल, धरणी हासे’. मालक म्हणाले, गिऱ्हाइकाला आवडलं तर माझं काही म्हणणं नाही.

७ मार्च, शुक्रवार

आज निळ्या पिशवीतून एक बाई तीन टेपा घेऊन आल्या. त्यांच्या लग्नाचं जेवण, मुलाचा वाढदिवस आणि सासऱ्यांचं गाणं, तिन्हींची मिळून एकच फाईल करायची. टेपांवर दुधाच्या सायीसारखी बुरशी चढली होती. टेपताईने झाकण उघडलं आणि ओल्या फडक्याचा आंबूस वास आला. बुरशी पुसलेला कापूस तिने चिमट्यात धरून फेकला. तो डब्याच्या कडेला चिकटून राहिला, खाली पडेना.

लग्नाच्या जेवणात एक गंमत सापडली. लांबलचक टेबल, आणि अगदी टोकाच्या खुर्चीवर एक किडकिडीत माणूस. कोट नीटनेटका, केस चापून बसवलेले, ओठ तुपासारखे चकचकीत. जेमतेम तीन सेकंद दिसतो. सगळे नवरानवरीकडे बघताहेत, हा एकटा कॅमेऱ्याकडे बघत घास तोंडात घालतोय. तोंड केवढं उघडलेलं! मला हसू आवरेना. नियम मोडून मी नेमकी तिथेच खूण केली आणि नाव दिलं, ‘यावे, बसावे, जेवावे’. टेपताई बघेल तेव्हा बघेल.

१० मार्च, सोमवार

फाईल गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी प्रत्येक खुणेवर जाऊन बघायचं असतं. वाढदिवसाच्या खुणेवर गेलो, तर तो माणूस तिथे. मुलाच्या अगदी शेजारी. शनिवारी हा भाग मी सगळा पाहिला होता, तेव्हा नव्हता. की असेल? डोळे आता माझे राहिले नाहीत.

मुलगा केक खातोय. हा वाट बघतोय. मग दोन बोटं पुढे करतो, मुलाच्या तोंडातला अर्धा चावलेला घास काढून घेतो आणि स्वतःच्या तोंडात टाकतो. सावकाश चावतो, तोंड उघडं ठेवून. आतला लगदा दिसतो. मग बोटं चाटतो, एकेक, मुळापर्यंत. जवळच आई उभी आहे, टाळ्या वाजवते आहे.

मी दुपारचा डबा तसाच परत नेला.

११ मार्च, मंगळवार

आज आमची टेप. इतकी चिकट झाली होती, की एकदाच चालेल, मग राम म्हणेल, असं टेपताईने आधीच सांगितलं. तसंच झालं. यंत्रातून शेवटी तपकिरी भुकटी निघाली. पण चित्र पुरं उतरलं!

ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून संत्रं सोलते आहे. कॅमेरा माझ्या हातात. माझ्या जुन्या वाचनमालेतली, खाली कवीचं नाव नसलेली ती कविता म्हणून दाखव, असा मी लकडा लावलाय. ही म्हणते,

वाट संपली, पाय थांबले,
दूर दिसे तो दिवा घरी…

आणि अडते. दर वेळी तिथेच अडायची. चाळीस वर्षांत तिसरी ओळ हिला कधी आली नाही. पुढे काय हो, म्हणून हसते. हसताना नाकातून एक फुस्स आवाज येतो, त्याची लाज वाटून पुन्हा हसते. मला ओळ येत होती. सांगितली नाही. सांगितली असती, तर हसली नसती.

चार खुणा केल्या, चार ओळींची चार नावं दिली. हसण्यावर तिसरी ओळ घातली, ‘दार उघड, मज भूक लागली’. फळ संपवून हात पुसते तिथे चौथी, ‘दोन घास दे, बैस तरी’. अखेर कविता पुरी झाली. आनंदाच्या भरात डोळे भरून आले, तेव्हा पुढचं धड दिसतही नव्हतं.

१३ मार्च, गुरुवार

निळ्या पिशवीच्या बाई दुकानात येऊन कडाडल्या. सासऱ्यांचं गाणं कुठे गेलं? सासऱ्यांचे ओठ हलतात, आवाज नाही. आवाज येतो तो फक्त चघळण्याचा. मालकांनी बुरशीवर ढकललं. मी हेडफोन लावून ऐकलं. ओलं, संथ, मचमच मचमच. सासऱ्यांच्या मांडीला मांडी लावून तो बसला आहे. सासरे तान घेतात, हा त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेतो आणि गिळतो.

बाईंना विचारलं, हा कोण तुमचा? त्या ओशाळल्या. म्हणाल्या, लग्नात तो दिसला तेव्हा आम्हाला वाटलं यांच्याकडचा. आणि यांच्याकडच्यांना वाटलं आमच्याकडचा. आग्रह दोन्हीकडून झाला. पण तो एकदाच आला होता हो, एकाच जेवणाला. उरलेल्या दोन टेपांत तो असेलच कसा?

असेल. कारण त्या टेबलाच्या टोकाशी तीन सेकंदांत कोंडलेला होता, तो मी बाहेर काढला. खूण केली, यावे म्हटलं. आणि एका खुणेवरून दुसरीवर जायला वेळ लागत नाही. त्यासाठीच तर खुणा असतात.

मग आठवलं. मंगळवारी आमच्या फाईलवर यादी उतरवली, ती या बाईंच्याच फाईलची.

१४ मार्च, शुक्रवार

जुनी नावं पुसली होती. एक सोडून. चौथ्या ओळीच्या खाली, पाचवी, ‘यावे, बसावे, जेवावे’.

तो आमच्या स्वयंपाकघरात आहे. माझ्या खुर्चीवर. ही संत्र्याची फोड सोलते, तो हिच्या हातातून जिभेने उचलतो. फोड, मग साल, मग बिया. थुंकतो त्या पुन्हा हिच्या तळहातावर, आणि ही बघतही नाही. हनुवटीवरून रस गळतोय. कोटाच्या बाहीने पुसतो आणि बाही चोखतो.

हिचं हसू नाही. ओठ हसतात. नाकातला फुस्स नाही. त्या जागी मचमच.

टेपताईला बोलावून दाखवलं. तिने पदर तोंडाला लावला. म्हणाली, पाचवी खूण पुसा मास्तर, आत्ता पुसा. जपून ठेवलेली दुसरी प्रत काढली. तीही तशीच.

पुसली. मालकांना सांगितलं, तर म्हणाले, आठ दिवस सुट्टी घ्या आणि डोळे तपासा. दुकानातला जुना लॅपटॉप मागून घेतला आणि आमची फाईल त्यावर घालून वर खोलीत आणली.

१५ मार्च, शनिवार

पुसूनही आहेच. जायला वाट कुठे आहे त्याला?

आज हिच्या तोंडचं ‘दूर दिसे’ गेलं. दुपारपर्यंत ‘वाट संपली’. खायची घाई नाही त्याला, चव घेत खातो. ही नुसते ओठ हलवते. मी पडद्याजवळ तोंड नेऊन ओरडलो, अगं ऊठ, ऊठ तिथून—

तिने नाही बघितलं. त्याने बघितलं. घास दाखवला मला, तोंड उघडून. आत काय होतं ते लिहीत नाही.

सगळ्या खुणा पुसायला हव्यात. खुणा नसल्या की तो होता तिथेच अडकेल. पण मग हीही त्याच्याबरोबर—

१६ मार्च, रविवार

सकाळी. पुसल्या. पहिली, दुसरी, चौथी. तिसरी पुसवत नव्हती, ते हिचं हसू होतं. दहा वाजता तीही पुसली.

फाईल उघडली. तो नाही!

ही पण नाही. टेबल. खुर्च्या दोन, रिकाम्या. ताटली चाटून लख्ख. आवाज काहीच नाही, मचमचही नाही. कोरं.

तो अडकला नाही. निघाला. कुठे—

दुपारी. दुकान बंद आहे. टेपताईला फोन लावला, उचलत नाही. लेकीला नको. लेकीकडे तर मुळीच नको, तिच्या मुलांकडे हिचे फोटो आहेत, हिचे—

खिडकीचा कागद हलतोय. फडफड नाही ती. ओली आहे. पानाला थुंकी लावून कुणी उलटावं तशी.

जिन्यावर पावलं. टेपताई असेल. असू दे, टेपताईच असू दे.

नाही. दार वाजवलं नाही कुणी. बाहेरून म्हणतंय. हिचा आवाज. हिचाच! स्पष्ट, पुरा, चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या इतक्या जवळ—

वाट संपली, पाय थांबले. दूर दिसे तो दिवा घरी.

थांबली.

हस ना. अगं हस, एकदाच फुस्स कर, मी लगेच—

हसली नाही. तिसरी ओळ म्हणाली. जन्मात जी आली नाही ती, न अडखळता. मी कधी सांगितली नाही. फक्त खुणेवर लिहिली होती. आणि म्हणताना तोंडात घास आहे.

दाराच्या फटीतून संत्र्याचा वास. नासलेलं. तरी— आवाज हिचा आहे हो. आत कोण का असेना, आवाज तर—

ताट मांडलंय. मी कधी मांडलं? दोन मांडली आहेत.

पुन्हा तीच ओळ. आता आग्रहाने, हिच्यासारखाच, शेवटी ‘अहो’ लावून—

कडी घातली होती मी सकाळी. की नुसतं लोटलं हो