खरवडलेल्या चार अक्षरांबाबत

प्रति,
मा. बिशप महोदय,
बिशप कार्यालय, कास्त्रो.

विषय : टेकडीवरच्या चॅपेलमधील देवमातेची प्रतिमा तिच्या नावासह परत मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा सप्टेंबरमधील अर्ज व त्यावरील आपल्या कार्यालयाचं उत्तर.

महोदय,

१. अर्जदार एवान्थिया कालाफाती, राहणार आस्प्रोकाम्पी, हिचा मुलगा झिसिस तान्हेपणी श्वास अडकून निळा पडत असे. तेव्हा अर्जदाराने नवस बोलला, की पोर तगलं तर देवमातेची प्रतिमा स्वतःच्या हाताने रंगवून चॅपेलला वाहीन. पोर तगलं. आता चार वर्षांचं आहे, आणि अर्जदार अजूनही त्याच्या छातीवर हात ठेवल्याशिवाय झोपत नाही.

२. रंगवायला शिकवलं ते गावचे धर्मगुरू फादर आनथिमोस यांनी. तेच झिसिसचे धर्मपिता. लाकडी फळी वर्षभर अर्जदाराच्या स्वयंपाकघरात होती. तिच्याशेजारी ऑलिव्ह निवडले, औषधाच्या बाटल्या ठेवल्या. चेहरा, हात, मांडीवरचं बाळ, सगळं रंगवून झालं तरी सासूबाई तिच्यापुढे क्रूसाची खूण करेनात. म्हणाल्या, "अजून नाव कुठंय तिला?" नाव म्हणजे 'देवाची आई' या दोन शब्दांची पहिली-शेवटची अशी चार तांबडी अक्षरं आणि प्रत्येक जोडीवर एक आडवी रेघ. जागा असताना पूर्ण का लिहीत नाहीत, असं अर्जदाराने विचारलं होतं. फादर म्हणाले, "अगं, जुने लेखनिक काय शाई वाचवत होते होय? नाव एवढं मोठं, की सगळं लिहायला हात धजेना. रेघ दिसली की मान खाली घालायची. आणि नाव पडेपर्यंत ही नुसती फळी, बरं का."

३. अक्षरं अर्जदाराने लिहिली. दुसरी रेघ फादरांनी झिसिसच्या मुठीत कुंचला देऊन ओढवून घेतली. तिरकी गेली, सगळे हसले. त्या संध्याकाळी फळी टेबलावरून जी उचलली, ती पुन्हा तिथे ठेवली नाही.

४. या उन्हाळ्यात चॅपेलचं छप्पर दुरुस्तीला काढलं तेव्हा प्रतिमा हलवण्यात आली. ती अर्जदारास बंदरावरच्या नव्या हॉटेलात, स्वागतकक्षात फुलदाणीच्या वर आढळली. चारही अक्षरं आणि पहिली रेघ सुरीने खरवडलेली होती. कोणी चोराने केलं असेल म्हणून अर्जदार धावत गेली ती फादरांकडेच. ते म्हणाले, "छप्पर हॉटेलवाल्याने घालून दिलं, पोरी. प्रतिमा कशी देणार त्याला? म्हणून आधी नाव काढलं. मी फळी दिली. आईला कुठे हात लावला?" नाव कोणी काढलं, असं विचारता म्हणाले, "असलं काम दुसऱ्याला कसं सांगायचं?" तिरकी रेघ मात्र तशीच आहे. ती का सोडली, असं विचारता त्यांनी तिच्यापुढे घालावी तशी मान खाली घातली.

५. आपल्या कार्यालयाचं उत्तर असं, की वस्तूवर नाव नसल्याने ती प्रतिमा ठरत नाही, सबब पर्यटन कार्यालयाकडे जावे. पर्यटन कार्यालय म्हणतं, चित्रात देवमाता दिसते आहे, सबब बिशपांकडे जावे. हॉटेलचा मॅनेजर म्हणतो, "बाई, पाहुण्यांना आवडतं. खाली तुमची सही करून जा की." अर्जदार कॉलेजात शिकलेली आहे, तिघांचंही म्हणणं तिला कळतं. कळत नाही ते एवढंच, की ती नुसती फळी असेल तर नवस फिटला का? आणि नसेल फिटला, तर पोराच्या छातीवर किती वर्षं हात ठेवायचा? परवा झिसिसला खोकला झाला. "फादरांकडे चल," म्हणाला. अर्जदाराने नेलं नाही.

६. सबब विनंती नसून कळवण्यात येते, की येत्या एकवीस तारखेला, देवमातेच्या सणादिवशी, मी त्या हॉटेलात जाऊन चारही अक्षरं पुन्हा लिहिणार आहे. झिसिस बरोबर असेल. एक रेघ ओढायची आहे, ती तोच ओढेल. नाव पडलं की ती आपल्या अखत्यारीत येते. मग तिला फुलदाणीवर का टांगलं, हे आपण विचारावं. हॉटेलवाल्याला आणि फादरांनाही.

उत्तरासाठी न थांबणारी, तरीही नम्र,
एवान्थिया कालाफाती
आस्प्रोकाम्पी, दि. ९ नोव्हेंबर

सोबत : तिरक्या रेघेचा फोटो.
फादरांनी शिकवताना दिलेला कुंचला जोडलेला नाही. तो लागणार आहे.