रस्त्यात भेटलेली काकू

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार. मी सुखरूप पोचले. खोली स्वच्छ आहे, दाराची कडीही भक्कम आहे. ट्रेनिंग उद्यापासून सुरू.

काल दुपारी बसस्टँडवरून निघाले, तर एक माणूस मागे लागला. मी थांबले की तोही थांबायचा. समोर शिवणकामाचं दुकान दिसलं, मशीनवर एक बाई बसल्या होत्या. मी सरळ आत शिरले आणि मोठ्यांदा म्हणाले, "काकू, आले बरं का मी!"

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर. "किती गं उशीर! काका केव्हाचे खोळंबलेत," म्हणाल्या आणि आतल्या पडद्याकडे तोंड करून ओरडल्या, "अहो, आली बघा तुमची पुतणी!"

तो माणूस आल्या पावली परत फिरला.

पडद्यामागे नुसते कापडाचे तागे होते, ताई! आम्ही दोघी इतक्या हसलो, की शेवटी मला रडू फुटलं. मग दुकान बंद करून त्या मला थेट खोलीपर्यंत सोडायला आल्या.

आईचा गुडघा कसा आहे? हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस. एवढंच सांग, की इथे मला एक काकू आहे. ते काही खोटं नाही.

तुझीच,
धाकटी